घोडपदेवच्या विहिरीवरचा शेरा

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

सोबतीची यादी आली. परिषदेआधी प्रत्येक नव्या संशोधकाला एक जुना माणूस जोडून द्यायचा. त्याने तिचं किंवा त्याचं भाषण ऐकायचं, धीर द्यायचा, चार लोकांशी ओळख करून द्यायची. परिषदेच्या सचिवाची, सौमित्रची कल्पना, यंदा पहिल्यांदाच. जुना माणूस म्हणजे मी! शेहेचाळिसाव्या वर्षी जुनी झाले.

माझ्या वाट्याला मनवा घाडी. वय सत्तावीस, राहणार घोडपदेव. तिचा प्रकल्प डिसेंबरअखेर संपतोय. पोस्टर लावणार आहे. विषय — चाळीतल्या विहिरीची पातळी आणि काठावरचा पिंपळ.

हे वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला.

सप्टेंबरात परिषदेसाठी आलेले सारांश तपासायला माझ्याकडे आले होते. नावं झाकलेली. पण विहीर कुठे झाकलेली होती? घोडपदेव आणि पिंपळ, असे दोन सारांश असणं शक्य नाही. तिने व्याख्यान मागितलं होतं. मी गुण कमी दिले, म्हणून पोस्टर मिळालं.

पोस्टरं चहाच्या टेबलाशेजारी लागतात. लोक बिस्किट बुडवत बघतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जुना शेरा उघडून वाचला. माझाच. 'ठिकाण गोदीपासून जवळ. दिसतो आहे तो भरती-ओहोटीचा परिणाम. लेखकाने प्राथमिक तपासणीही केलेली दिसत नाही.'

आजही बरोबर वाटला. मग शनिवारी तिला भेटायचं आहे, तर तो पुन्हा उघडावासा का वाटला?

१५ नोव्हेंबर, शनिवार

मनवा आली. परळला, माझ्या संस्थेत. काळी सॅक, केस वर गुंडाळून पेन खोचलेलं. बसायच्या आधीच एक कागद काढून टेबलावर ठेवला. परीक्षकांचे शेरे, छापून आणलेले. एक नंबरच्या परीक्षकाने कौतुक केलेलं. त्याखाली एकही रेघ नव्हती. दोन नंबरच्या शेऱ्याखाली मात्र रेघा, बाण, उद्गारचिन्हं.

"मॅडम, हे दोन नंबरवाले कोण असतील हो?"

मी म्हटलं, नावं गुप्त असतात. हे खरंच आहे.

"असू दे. पण हा माणूस आयुष्यात कधी विहिरीत वाकलाय का? 'प्राथमिक तपासणीही'! ती 'ही' वाचून मी दोन दिवस जेवले नाही. आई म्हणते, तुला वाईट बोललेलं बरं पाठ होतं गं, शाळेतल्या कविता नाही झाल्या त्या!"

ती हसली. मीही हसले.

मग सांगितलं तिने. डिलाईल रोडला एका कंपनीत नोकरी मिळते आहे. विम्याचे आकडे जुळवायचे. पंधरा डिसेंबरपर्यंत हो-नाही कळवायचंय. व्याख्यान असतं तर बाहेरच्या संस्थांचे लोक समोर बसले असते, कुणी विचारलं असतं. पोस्टरकडे कोण येतं? "आले नाही तर सोडलं, मॅडम. वडील गेल्यापासून आई एकटी ओढतेय. विहिरीत बघत बसायला आता घरातून सुट्टी नाही."

हा माणूस, म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर पुरुष आहे.

तासभर होती. तीन वेळा तोंड उघडलं मी. तीनही वेळा दुसरंच काहीतरी बोलले. एकदा तर म्हटलं, समोसा खाणार का?

१६ नोव्हेंबर, रविवार

मनवाचं सगळं मोजमाप घरी आणलं होतं. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले. माझ्या लेकीने, ओवीने विचारलं, इकोहायड्रॉलॉजी म्हणजे नक्की काय गं? म्हटलं, झाडं आणि पाणी यांचा एकमेकांशी काय व्यवहार चालतो, ते बघायचं. म्हणाली, "म्हणजे झाडांची पाणीपट्टी!" दहावीच्या मुलीला कळलं.

अप्पा, माझे वडील, चष्मा पुसत मागे येऊन उभे राहिले. बंदरावर चौतीस वर्षं टॅली क्लार्क होते, जहाजाचा माल मोजून लिहायचे. जहाज कधी लागेल ते भरती ठरवायची, आणि भरतीचं वेळापत्रक अप्पांच्या शर्टाच्या खिशात.

"कसला आलेख?"

"विहिरीची पातळी, अप्पा. भरती-ओहोटी दिसतेय त्यात."

त्यांनी बोट फिरवलं कागदावरून. "रोज सकाळी नवाला उतरायला लागते, पाचला थांबते. भरती काय कचेरी आहे, रोज त्याच ठोक्याला उघडायला? रोज पाऊण तास पुढे सरकते ती. आणि दिवसातून दोनदा. ही तर एकदाच उतरतेय!" मग चष्मा चढवून, "तुझ्या कॉलेजात हे शिकवत नाहीत?"

शिकवतात. मी शिकवते!

सूर्य वर आला की पिंपळ पाणी ओढतो, विहीर आठ-नऊ मिलिमीटर उतरते. ऊन गेलं की झाड थांबतं, जमिनीतून पाणी झिरपतं, विहीर भरते. इतकं सरळ आहे.

मूळ सारांश पुन्हा उघडला. शेवटची ओळ — 'फेब्रुवारीत पिंपळाची पानगळ झाली त्या अकरा दिवसांत हा चढउतार जवळजवळ थांबला.' समुद्राला पिंपळाच्या पानांशी काय देणंघेणं? या एका ओळीत सगळं होतं. मी ती वाचलीच नव्हती. सप्टेंबरातला तो रविवार आठवतो. नवऱ्याच्या, राजेशच्या ऑफिसची माणसं जेवायला यायची होती. कुकरच्या शिट्ट्या मोजत सारांश तपासत होते. घोडपदेव वाचलं, गोदी आठवली, अप्पांचा डबा पोचवायला जायचे ते आठवलं, आणि वाटलं — हे तर मला माहीत आहे.

माहीत आहे वाटलं की माणूस वाचायचं थांबतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सौमित्रला सगळं सांगितलं. त्याच्या टेबलावर चारशे बिल्ले, त्यांना दोऱ्या ओवत होता. परिषदेचा सचिव!

"सुमेधाताई, जरा धरा हे टोक. — तिला सांगायचं नाही. नाव फुटलं की पुढच्या वर्षी कोण तपासून देणार? आत्ताच हातापाया पडावं लागतं एकेकाच्या."

"मग तिचं काय?"

"कुणीतरी ऐनवेळी गळतंच. जागा झाली की बघू. तिचं काम होईल, तुमचंही नाव राहील. कशाला उगाच?" मग माझ्याकडे बघून, जरा हळू आवाजात, "ताई, चूक सगळ्यांकडून होते. मी तर गेल्या वर्षी एकाला दोनदा नाकारलं होतं. एकदाच पाठवलेला सारांश."

वाईट माणूस नाही. पंधरा बिल्ले ओवून दिले त्याला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

'तुमचंही नाव राहील' — हे ऐकून बरं वाटलं होतं. तेच सलतंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

घोडपदेवला जाऊन आले. मनवाला म्हटलं होतं, विहीर बघायची आहे. खरं कारण मलाही नीट माहीत नव्हतं. प्रायश्चित्त? की खात्री?

चाळीच्या मागच्या अंगाला आहे. वर लोखंडी जाळी, जाळीवर कुणाच्या तरी गोधड्या वाळत. पंप बंद पडून तीन वर्षं झाली, म्हणून पाणी कुणी उपसत नाही. म्हणून तर मापं इतकी स्वच्छ. पिंपळ प्रचंड. अर्धा चाळीवर, अर्धा पलीकडच्या गॅरेजवर. मनवाने गोधड्या बाजूला केल्या तशी वरच्या गॅलरीतून आवाज — "अगो मनवा, इली काय तुझी डॉक्टरीण? आज तरी पिंपळाक इंजेक्शन देतली काय?"

"देतली, काकी! आधी तुमका!"

साडेनऊला फीत सोडली. मी स्वतः. किती वर्षांनी हातात मोजपट्टी घेतली! नऊ की दहा? मी आता मोजत नाही, मोजलेल्यावर शेरे मारते. दीड वाजता पुन्हा सोडली. चार मिलिमीटर उतरली होती. मधल्या वेळात कुणी थेंबही काढला नव्हता. मी तिथेच बसले होते.

मनवाची आई गंगूबाई. एका शाळेत पोळ्या लाटायला जातात, रविवारी सुट्टी. मला हलूच देईनात. "येवा, बसा. गरिबाकडचा खातास मां?" तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वर सोलकढी. पिंपळाकडे हात करून म्हणाल्या, "दिस वर इलो की तेका तान लागता. आमका नाय लागत? ह्या समजूक कॉलेज कित्याक होया?" आणि मग, "तो तुमचो दोन नंबरवालो, तेका हय एक दिवस बसवा. पेज घालतंय मी तेका. रागान नाय. बघूक होया ना मनशान."

भाकरी खाल्ली. दुसरीही वाढली, तीही खाल्ली.

सांगितलं नाही. त्यांच्या घरात, त्यांच्या ताटावर बसून कसं सांगायचं? — नाही, हेही निमित्तच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सौमित्रचा फोन. गुवाहाटीचे एक वक्ते गळाले. बारा मिनिटांची जागा मोकळी. पण समिती गुणांच्या क्रमानेच देणार. मनवा अकरावी आहे. माझ्यामुळे अकरावी.

म्हणजे गुपचूप काही होणार नाही. मला लेखी द्यावं लागेल की मी चुकले.

दुसरी अडचण. आता ती माझी आहे. तिच्या आईच्या हातचं खाऊन आले आहे. आता गुण वाढवले तर ते विहिरीचे की सुकटीचे?

समितीला पत्र लिहिलं. चार ओळी. 'मी सारांश पूर्ण वाचला नव्हता. शेवटचे वाक्य माझ्या आक्षेपाचे उत्तर होते. माझे गुण रद्द करावेत. नवे गुण मी देऊ नयेत. तिसऱ्या परीक्षकाकडे पाठवावे.' 'नजरचुकीने' असा शब्द आधी लिहिला होता. खोडला. नजर चुकली नव्हती, फिरकलीच नव्हती.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अध्यक्षांचं उत्तर: 'ठीक. पण हा पायंडा पडू नये.'

२ डिसेंबर, मंगळवार

तिसऱ्या परीक्षकाने भरभरून गुण दिले. मनवाला व्याख्यान मिळालं! शुक्रवार, बारा तारीख, सकाळचं सत्र.

तिचा फोन. मागे चाळीतला गोंगाट. "मॅडम, चमत्कार! दोन नंबरवाल्याला अक्कल आली वाटतं!"

मी हसले. हसले मी! फोन ठेवल्यावर राजेश म्हणाला, "झालं ना आता मनासारखं? मग चेहरा का असा?" त्याचं म्हणणं, आता सांगून काय मिळणार? तिचं काम झालं. सांगितलंस तर तुला हलकं वाटेल, तिला जड होईल. भाषण दहा दिवसांवर आहे.

यात तथ्य आहे. म्हणून तर त्रास.

७ डिसेंबर, रविवार

रंगीत तालीम. संस्थेतली छोटी खोली, पडदा, मी एकटी श्रोता. सौमित्रचा नियम असा की पहिल्यांदा ऐकताना मधे एक शब्द बोलायचा नाही.

चांगली बोलते. विहिरीबद्दल बोलताना हात आपोआप खाली वाकतात. पण चौथ्या मिनिटाला गाडी भरतीवर आली आणि तिथेच अडकली. एक आलेख, दुसरा, तिसरा, वेळापत्रक, आकडे. आवाज चढला. बारापैकी साडेचार मिनिटं! पानगळीच्या अकरा दिवसांना शेवटी वीस सेकंद उरले. तिच्या हातातलं सगळ्यात सुंदर पान, आणि ते धावत दाखवलं.

मी म्हटलं, भरतीचं एकच चित्र ठेव. बाकी काढ.

"नाही काढणार, मॅडम."

"का?"

"तो हॉलमध्ये असेल. दोन नंबरवाला. मला त्याच्या तोंडावर दाखवायचंय."

तेव्हा कळलं. ती बारा मिनिटं लोकांशी बोलतच नाहीये. एका न दिसणाऱ्या माणसाशी भांडतेय. आणि तो माणूस तिच्यासमोर बसून वहीत 'आवाज छान' असं लिहितोय. मी गप्प राहिले तर ती त्याच्याशी भांडण्यातच आपला वेळ घालवणार. इथे माझं हलकं होणं आणि तिचं काम एकाच जागी आलं होतं. निदान मला तसं वाटलं. आत्ताही खात्री नाही.

"असेल हॉलमध्ये," मी म्हटलं. "तो मी आहे, मनवा."

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. मी शेवटच्या ओळीचं सांगितलं, कुकरचं सांगितलं, पत्राचंही सांगायला लागले, ते मधेच थांबवलं. पत्र सांगितलं की शाबासकी मागितल्यासारखं झालं असतं.

ती वायर गुंडाळत होती. हाताला वेढे घालत, सावकाश, एकसारखे. गुंडाळून झाल्यावर विचारलं, "आईने वाढलं तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"दुसरी भाकरी घेतलीत तेव्हा पण?"

"हो."

सॅक उचलली. दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

९ डिसेंबर, मंगळवार

फोन नाही. मीही केला नाही. दोनदा नंबर काढला. माफी मागायची तर तीही तिच्या सोयीने मागायला हवी.

१० डिसेंबर, बुधवार

अप्पांना सांगितलं. म्हणाले, "आमच्याकडे माल चुकीचा मोजला तर पुन्हा मोजायचो. मोजणाऱ्याला कसं वाटतंय, ते कुणी विचारत नसे." आणि पेपर वाचायला लागले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

झालं!

मी मागच्या रांगेत बसले. तिला दिसू नये म्हणून. की मला तिचा चेहरा दिसू नये म्हणून? दीडशे माणसं. गंगूबाईही आल्या होत्या, ठेवणीतली साडी नेसून, सौमित्रने ओवलेला बिल्ला गळ्यात. 'पाहुणे'.

मनवा सुरुवातीला अडखळली. मग विहिरीचं झाकण उघडल्यासारखं झालं. भरतीवर एकच चित्र. म्हणाली, "गोदी जवळ आहे, तेव्हा भरतीची शंका कुणालाही येईल. मलाही आधी आली होती. म्हणून तपासलं." कुणाकडे न बघता. वीस सेकंदात पुढे.

आणि मग पानगळ. पडद्यावर डावीकडे उघडाबोडका पिंपळ, उजवीकडे पाण्याची रेघ — सरळ. अकरा दिवस सरळ. बाराव्या दिवशी तांबूस पालवी आणि रेघेला पहिली छोटीशी खळी. ती बाजूला झाली. सात-आठ सेकंद नुसती उभी. सभागृहात एक खुर्ची वाजली नाही.

बंगळूरच्या एका संस्थेतल्या बाईंनी दोन प्रश्न विचारले. मग चहाला तिला खिडकीपाशी गाठलं आणि अर्धा तास सोडलं नाही. लांबून बघत होते. मनवाचे हात पुन्हा खाली वाकत होते. गंगूबाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना माहीत होतं, त्यांच्या बघण्यावरून कळलं. मग म्हणाल्या, "इंग्रजी माका कळूक नाय. पण पिंपळ कळलो." आणि हातातलं बिस्किट मोडून अर्धं मला दिलं.

१४ डिसेंबर, रविवार

मनवा घरी आली. दादरला, न कळवता. ओवीने दार उघडलं आणि ओरडली, "आई, पाणीपट्टीवाली ताई!"

बातमी घेऊन आली होती. बंगळूरच्या बाईंनी एक वर्षाचं काम दिलंय. सहा महिने तिकडे, सहा महिने इथे, आणखी तीन विहिरींसह. विम्याच्या कंपनीला उद्या 'नाही' कळवणार. अप्पांनी तिला समोर बसवून भरतीचं जुनं वेळापत्रक कसं वाचायचं ते शिकवलं. तिला येत होतं. तरी शिकली.

माझ्याशी सरळ बोलली. पूर्वीसारखी नाही, पण सरळ. निघताना मी जिन्यापर्यंत गेले. म्हटलं, "मनवा, मला माफ—"

"मॅडम, ते झालं. राग आला होता, आता तेवढा नाही." दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "एक विचारू? सोबतीच्या यादीत माझं नाव दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं तर?"

"तर मला कळलंच नसतं."

"त्या रविवारी किती सारांश होते तुमच्याकडे?"

"तेवीस."

तिने मान डोलावली. टोमणा नव्हता त्यात. मग खाली गेली.

१५ डिसेंबर, सोमवार

रजा टाकली. उरलेले बावीस काढले, प्रत्येक शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. सहाव्यावर थांबले. पुन्हा वाचला. चुकले आहे. सौमित्रकडून नाव घेतलं — आनंदा, गडचिरोलीकडचा. त्याला मी पोस्टरही दिलं नव्हतं. तो परिषदेला आलाच नाही.

फोन लावला आहे. वाजतोय.